न्यायाधीशांची निवृत्ती व राजकारण

न्यायाधीशांची निवृत्ती : वयोमर्यादा पूर्ण झाल्यावर, स्वेच्छेने किंवा अन्य कारणाने न्यायाधीशाने न्यायासनावरून दूर होणे. इतर लोकसेवकांच्या निवृत्तीप्रमाणे ही केवळ सेवाशर्तींची बाब नाही. एका न्यायाधीशाने रिकामी केलेली जागा कोण भरणार, हा प्रश्न तिच्याशी निगडित असतो आणि जागा भरणारी सत्ता निवडणुकांबरोबर बदलत असते. त्यामुळे वृद्ध झालेल्या न्यायाधीशाने आपल्या विचारांशी जुळणारे सरकार अधिकारावर असतानाच पद सोडावे काय, किंवा न रुचणारे सरकार जाईपर्यंत पदावर टिकून राहावे काय, असा वाद वेळोवेळी उत्पन्न होतो. भारतात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी ६२ व सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासाठी ६५ वर्षे ही मर्यादा संविधानानेच घालून दिली आहे. त्यामुळे हा वाद येथे मूळ स्वरूपात उद्‍भवत नाही. तो वेगवेगळ्या रूपांत मात्र वारंवार प्रकट झाला आहे.

वादाचे मूळ स्वरूप अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पाहावयास मिळते. तेथील संघीय न्यायाधीश सद्‍वर्तन असेपर्यंत, म्हणजे व्यवहारतः तहहयात, पदावर राहतात. नियुक्ती राष्ट्राध्यक्ष करतो व तीस सीनेटची संमती लागते. साहजिकच आपल्या निवृत्तीचा क्षण निवडणे हा न्यायाधीशाच्या हाती असलेला एक राजकीय अधिकारच ठरतो. न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना निवृत्त व्हावे, असा आग्रह त्यांच्याच मताच्या काही विधिज्ञांनी धरला होता. तो त्यांनी मानला नाही. १८ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले आणि सव्वा महिन्याच्या आत विरुद्ध विचारांच्या न्यायाधीशाची त्यांच्या जागी नेमणूक झाली. यापासून धडा घेऊन न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी २०२२ मध्ये निवृत्ती पतकरली, असे सामान्यतः मानले जाते. अशा निवृत्तीचे समर्थक म्हणतात, की न्यायाधीशाने आयुष्यभर उभारलेली विधिविषयक भूमिका त्याच्यामागे टिकावी ही इच्छा गैर नव्हे. या युक्तिवादात तथ्य आहे. पण तो मान्य केल्यास न्यायासन ही पक्षाची ठेव ठरते आणि पक्षकाराने न्यायाधीशाकडे निःपक्ष व्यक्ती म्हणून पाहण्याचे कारण उरत नाही.

याच्या उलट बाजूस, सत्ताधाऱ्यांनी वार्धक्याचे निमित्त करून न्यायाधीश हटविण्याचे प्रयत्न केल्याची उदाहरणे आहेत. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांनी सत्तरी ओलांडूनही निवृत्त न होणाऱ्या प्रत्येक न्यायाधीशामागे एक जादा न्यायाधीश, याप्रमाणे सहापर्यंत नवे न्यायाधीश नेमण्याची योजना मांडली. वृद्ध न्यायाधीशांना कामाचा भार झेपत नाही, हे तिचे सांगितलेले कारण होते; खरे कारण न्यायालयाने रद्द ठरविलेले त्यांचे आर्थिक कायदे हे होते. सीनेटने ती मान्य केली नाही. हंगेरीने न्यायाधीशांचे निवृत्तिवय ७० वरून ६२ वर आणले, तर पोलंडने आपल्या सर्वोच्च न्यायालयापुरते ते ७० वरून ६५ वर आणले. हे दोन्ही बदल यूरोपीय संघाच्या न्यायालयाने अनुक्रमे २०१२ व २०१९ मध्ये संघाच्या कायद्याशी विसंगत ठरविले. वयाची मर्यादा स्वतः निरुपद्रवी असली, तरी ती पदस्थ न्यायाधीशांच्या डोक्यावरून मागेपुढे सरकविता येत असेल, तर तिचे शस्त्र होते, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

ब्रिटिश अमदानीत १८६१ च्या कायद्यान्वये मुंबई उच्च न्यायालय स्थापन झाले व १८६२ मध्ये त्याचे काम सुरू झाले. त्याचे न्यायाधीश राजसत्तेची मर्जी असेतोपर्यंत पदावर राहत. वरिष्ठ न्यायाधीशांच्या बाबतीत ही मर्जी सहसा फिरत नसे. कनिष्ठ न्यायाधीशांना मात्र ती जाणवे. महादेव गोविंद रानडे (१८४२–१९०१) पुण्यास असताना त्यांच्या सार्वजनिक कार्यामुळे सरकारचा संशय ओढवून घेऊन नासिक व धुळे येथे बदलले गेले. काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८५०–९३) व त्यांच्यानंतर रानडे हे दोघेही उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशपदावर असतानाच निवर्तले. त्या पिढीतील भारतीय न्यायाधीशांपुढे निवृत्तीचा प्रश्न वयापेक्षा सार्वजनिक जीवनाच्या अंगाने येई. न्यायासनावर बसून राष्ट्रकार्य किती करता येईल, हा तो प्रश्न होय. १९३५ च्या कायद्याने न्यायाधीशांना साठ वर्षांपर्यंत पदाची शाश्वती दिली आणि प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीच्या अहवालाशिवाय त्यांना दूर करता येणार नाही, असे ठरविले.

स्वतंत्र भारताच्या संविधानात या प्रश्नाची मांडणी करणारे मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. भीमराव आंबेडकर (१८९१–१९५६) यांचे मूळ गाव आंबडवे हे रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात आहे. पहिल्या मसुद्यात उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वय साठ ठेवून ते पासष्टपर्यंत वाढविण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळास देण्याची तरतूद होती. ती राहिली असती, तर प्रत्येक राज्य सरकारच्या हाती न्यायाधीशांना लांबविण्याची किंवा आखूड करण्याची कळ आली असती. अंतिम संविधानात ती आली नाही. साठ वर्षांची मर्यादा कायम करण्यात आली व १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने ती ६२ झाली. २४ मे १९४९ रोजी संविधान सभेत निवृत्त न्यायाधीशांना सरकारी पदे देण्यास बंदी घालावी, अशी सूचना आली असता आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. न्यायालयांपुढील बहुतेक वाद खासगी पक्षांमधील असतात, सरकारला त्यांत फारसे स्वारस्य नसते, म्हणून सरकारने न्यायाधीशास प्रभावित करण्याचा संभव अल्प आहे, असा त्यांचा आशय होता. १९४९ मध्ये ते वर्णन बरेचसे यथार्थ होते. पुढे भूसंपादन, सेवाविषयक तंटे, करवसुली, परवाने यांमुळे सरकार हाच देशातील सर्वांत मोठा पक्षकार बनला आणि त्या युक्तिवादाचा पाया खचला.

वय ही निर्विवाद बाब आहे, हेही सर्वस्वी खरे नाही. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ज्योतिप्रकाश मित्तर यांच्या जन्मवर्षाविषयी वाद निर्माण झाला, तेव्हा न्यायाधीशाचे वय ठरवावयाचे कोणी, हा प्रश्न पुढे आला. गृहमंत्रालयाने तो निर्णय करणे म्हणजे कार्यकारी सत्तेने न्यायाधीशास पदच्युत करण्यासारखेच होते. पंधराव्या दुरुस्तीने हा अधिकार सरन्यायाधीशांच्या सल्ल्याने राष्ट्रपतींकडे देण्यात आला आणि राष्ट्रपतींनी स्वतः विचार करून तो वापरला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये बजावले.

वयाची मर्यादा निश्चित असल्याने भारतात राजकारणाचा शिरकाव दोन ठिकाणी झाला : मर्यादेपूर्वी स्वतः होऊन पद सोडणाऱ्यांच्या बाबतीत आणि मर्यादा गाठल्यावर पुढे काय, या प्रश्नात. मुंबई उच्च न्यायालयाचा इतिहास या दोहोंच्या दृष्टीने बोधप्रद आहे. मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला (१९००–८१) हे साठी गाठण्यास सुमारे दोन वर्षे अवकाश असताना, १९५८ मध्ये पद सोडून अमेरिकेत भारताचे राजदूत झाले आणि पुढे केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. त्यांच्या सचोटीविषयी कोणी शंका घेतली नाही. त्याच वर्षी त्यांनी केलेली मुंदडा प्रकरणाची चौकशी सरकारला मुळीच सोयीची नव्हती. मात्र न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेऊ नयेत, अशी शिफारस करणाऱ्या विधी आयोगाचे तेच सदस्य होते आणि ही विसंगती आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांना बोचली. हरि रामचंद्र गोखले यांनी १९६० नंतरच्या दशकात याच न्यायालयाच्या न्यायाधीशपदाचा राजीनामा दिला, १९७१ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले व आणीबाणीच्या अखेरपर्यंत केंद्रीय विधिमंत्री राहिले. विठ्ठल महादेव तारकुंडे (१९०९–२००४) यांनी १९६९ मध्ये पद सोडले ते मंत्रिपदासाठी नव्हे. सर्वोच्च न्यायालयात वकिली करीत त्यांनी नागरी स्वातंत्र्याच्या चळवळीस वाहून घेतले व आणीबाणीत गोखले ज्या सरकारचे विधिमंत्री होते त्याच्याशी झुंज दिली. एकाच न्यायालयातून मुदतीपूर्वी बाहेर पडलेले हे तिघे निरनिराळ्या दिशांना गेले. त्यावरून मुदतपूर्व राजीनामा हा सरसकट दोष मानता येत नाही. तो कोणत्या मोबदल्याच्या आशेने दिला गेला, हेच पाहावे लागते.

ज्यांना निवृत्त व्हावयाचे नव्हते, पण व्हावे लागले, त्यांची कथा अधिक गंभीर आहे. साचलेल्या कामासाठी जास्तीत जास्त दोन वर्षांकरिता अतिरिक्त न्यायाधीश नेमण्याची तरतूद संविधानात आहे. प्रत्यक्षात ती कायम नियुक्तीची पायरी बनली आणि सरकारला न्यायाधीश पारखून घेण्याची संधी मिळाली. न्यायमूर्ती उ. रं. लळीत यांचे मूळ घराणे देवगड तालुक्यातील गिर्ये परिसरातले. हा तालुका १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात होता. ते मुंबई उच्च न्यायालयाचे अतिरिक्त न्यायाधीश असताना आणीबाणीत त्यांनी दिलेला जामिनाचा आदेश सरकारला रुचला नाही. मुख्य न्यायाधीशांची शिफारस अनुकूल असूनही त्यांना कायम करण्यात आले नाही. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर्. एन्. अगरवाल यांच्याही वाट्यास असेच आले. १९७६ मध्ये सोळा न्यायाधीशांच्या त्यांच्या संमतीवाचून अन्य उच्च न्यायालयांत बदल्या झाल्या. त्यांत मुंबईचे न्यायमूर्ती विमादलाल होते. न्या. शाह आयोगाने आणीबाणीतील अशा कृत्यांची पुढे चौकशी केली. लळीत यांनी दिल्लीस जाऊन वकिली केली. त्यांचे पुत्र उदय लळीत २०२२ मध्ये भारताचे सरन्यायाधीश झाले व वयोमर्यादेमुळे ७४ दिवसांनी निवृत्त झाले. वडिलांच्या बाबतीत सरकारने मुदत संपविली, मुलाच्या बाबतीत ती केवळ कालगणनेने संपली. निश्चित वयोमर्यादेचे मोल या दोन निवृत्तींतील अंतरावरून कळते.

राजीनामा हे निषेधाचेही साधन झाले आहे. एप्रिल १९७३ मध्ये ज्येष्ठता डावलून अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले, तेव्हा न्या. शेलत, हेगडे व ग्रोव्हर यांनी राजीनामे दिले; जानेवारी १९७७ मध्ये न्या. हंसराज खन्ना यांनी तोच मार्ग अनुसरला. या राजीनाम्यांनी लोकमत जागे झाले, हे खरे. तथापि त्यांमुळे सरकारला नको असलेल्या न्यायाधीशांच्या जागाही रिकाम्या झाल्या, हे विसरता येत नाही. १९७८ मध्ये, आणीबाणीतील बंदी-प्रत्यक्षीकरणाच्या खटल्यात बहुमताबरोबर राहिलेले यशवंत चंद्रचूड यांना सरन्यायाधीश करू नये, अशी मागणी मुंबईतील काही ज्येष्ठ विधिज्ञांनी केली. नव्या सरकारने ज्येष्ठतेचा नियम पाळला आणि चंद्रचूड १९८५ पर्यंत, त्या पदावरील सर्वाधिक काळ, राहिले. विरोधकांच्या न्यायाधीशासही मुदत पुरी करू देणे हाच त्या निर्णयाचा अर्थ होता व तो विरोधकांच्या हाती सत्ता असताना झाला, म्हणून त्याचे महत्त्व अधिक.

१९८१ मध्ये केंद्रीय विधिमंत्र्यांनी अतिरिक्त न्यायाधीशांकडून परराज्यांतील नेमणुकीस संमती मागविणारे परिपत्रक काढले. त्यास मुंबईत आव्हान देणाऱ्यांत छागलांचे पुत्र इक्बाल छागला होते. दिल्लीतील अतिरिक्त न्यायाधीशांचा प्रश्न तारकुंडे यांनी लावून धरला. डिसेंबर १९८१ च्या निकालाने कौल सरकारकडे झुकला. १९९३ च्या निकालाने नेमणुकांतील प्राधान्य ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाकडे आले आणि ते काढून घेणारी घटनादुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द ठरविली.

निवृत्तीनंतरच्या पदांचा प्रश्न यामुळे सुटला नाही. अनेक कायदेच लवाद, आयोग व लोकायुक्त यांसाठी निवृत्त न्यायाधीशाची अपेक्षा करतात. महाराष्ट्राचा लोकायुक्तविषयक १९७१ चा कायदाही त्यांपैकीच. अशी पदे व राजकीय पदे यांत भेद करावयास हवा. माजी सरन्यायाधीश रंजन गोगोई हे निवृत्तीनंतर चार महिन्यांनी, मार्च २०२० मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. मार्च २०२४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभिजित गंगोपाध्याय यांनी राजीनामा देऊन लगेच राजकीय पक्षात प्रवेश केला व ते लोकसभेवर निवडून आले. अमरावतीचे सुपुत्र भूषण गवई यांनी सरन्यायाधीश असताना जून २०२५ मध्ये अशा नेमणुका व उमेदवाऱ्या नैतिक शंका उत्पन्न करतात, असे सांगून आपण निवृत्तीनंतर सरकारी पद घेणार नसल्याचे जाहीर केले. ते नोव्हेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले.

उच्च व सर्वोच्च न्यायालयांच्या निवृत्तिवयांतील तीन वर्षांचे अंतर हेही एक प्रलोभनच आहे. बासष्टीच्या उंबरठ्यावरील न्यायाधीशास वर बढती मिळाली, तर तीन वर्षे लाभतात. न मिळाल्यास घरी जावे लागते. उच्च न्यायालयांचे वय ६५ करणारे घटनादुरुस्ती विधेयक २०१० मध्ये मांडले गेले. ते लोकसभेच्या मुदतीबरोबर व्यपगत झाले.

या सर्वांचा भार अखेर पक्षकारावर पडतो. मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशांची मंजूर संख्या ९४ असून निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागा वेळेवर भरल्या जात नाहीत. रिकामी जागा हेही राजकारणाचे एक साधन आहे. कोणासही निवृत्त न करता नुसती नेमणूक लांबविली, तरी न्याय लांबतो. रत्नागिरीच्या पक्षकारास अपिलासाठी ३०० किमी.हून अधिक अंतरावरील मुंबई गाठावी लागे. अनेक दशकांच्या मागणीनंतर १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूर येथे उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे काम सुरू झाले व रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे सातारा, सांगली, सोलापूर व कोल्हापूर यांसह त्याच्या कक्षेत आले. अंतर कमी झाले. परंतु तेथे बसणारे न्यायाधीश ९४ च्या त्याच अपुऱ्या संख्येतून द्यावे लागतात.