काळा पट्टा मिळाला, आता शिकवू का?

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. असरची नमाज झाली होती आणि मी ओट्यावर सोडे निवडत बसले होते. शेजारची भाबी आपल्या दोन पोरींना घेऊन आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "तुझी लेक ब्लॅक बेल्ट झाली ना? मग आमच्या पोरींना तिनंच शिकवावं. शहरात क्लास आहे, पण रोज संध्याकाळी पूल ओलांडून न्यायचं-आणायचं कुणी? आणि तिथं शिकवणारे सर. पोरींचे अब्बा नको म्हणतात."

आमचं भाट्ये म्हणजे काजळी नदीच्या मुखाशी वसलेलं गाव. पलीकडे राजिवडा आणि रत्नागिरी शहर, मध्ये खाडीवरचा पूल. अंतर फार नाही. पण मगरिबच्या वेळी दहा वर्षांच्या पोरीला एकटीनं पाठवायला कोणती आई तयार होईल? भाबीचं म्हणणं मला पटलं. लेक तेव्हा सतरा वर्षांची, अकरावीत. तायक्वांदोचा काळा पट्टा मिळून तिला जेमतेम महिना झाला होता. तिचे अब्बा कुवेतला. फोनवर विचारलं तर म्हणाले, "शिकवू दे की. घरी बसून मोबाइल बघण्यापेक्षा बरं." झालं, आम्ही मोकळ्या मनानं होकार दिला. पुढच्या रविवारी समुद्रकिनारी, सुरूच्या झाडांपलीकडे ओहोटीनं घट्ट झालेल्या वाळूवर नऊ पोरी रांगेत उभ्या राहिल्या.

तिसऱ्याच आठवड्यात सात वर्षांच्या एका पोरीचं मनगट तडकलं.

झालं असं की त्या दिवशी आठच पोरी आल्या होत्या. जोड्या लावताना लेकीनं वय, उंची काहीच बघितलं नाही. रांगेतल्या शेजारी-शेजारीच्या दोघींना समोरासमोर उभं केलं. बारा वर्षांच्या पोरीची लाथ ढालीवर बसली, पण ढाल धरणारी सात वर्षांची. ती मागे फेकली गेली आणि पडताना तिनं हात टेकला. पडायचं कसं, हे अजून कुणालाच शिकवलेलं नव्हतं. सरळ लाथा मारण्यापासूनच सुरुवात झाली होती, कारण पोरींना तेच हवं होतं. हाताला प्लास्टर लागलं. तिच्या अम्मीनं एक शब्द वाईट बोलला नाही, आणि त्याचंच मला जास्त लागलं.

लेक रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन तिच्या सरांकडे गेले. मनात थोडा रागही होता. काळा पट्टा दिला तो काय शोभेला? सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तिला खेळ येतो, म्हणून पट्टा दिला. शिकवायला मी तिला अजून शिकवलेलं नाही. तिनं विचारलं असतं तर थांब म्हटलं असतं."

मग त्यांनी नुकत्याच आलेल्या एका मुलाला बोलावलं आणि लेकीला सांगितलं, "याला समोरची लाथ शिकव." तिनं ती लाथ पाच वेळा मारून दाखवली. पाचही वेळा सुरेख. पोरगं तोंड उघडं ठेवून बघत राहिलं, आणि त्याला करायला सांगितल्यावर गुडघा न उचलताच पाय भिरकावला. लेकीनं सहाव्यांदा मारून दाखवली. सर हसले. "आता तू तुझी लाथ बघतेस. त्याची बघ. तो गुडघा का उचलत नाही?" लेकीला सांगता येईना. सरांनी त्याला भिंतीला हात टेकवून उभं केलं, नुसता गुडघा छातीपर्यंत उचलायला लावला. मग कळलं, त्याचा तोल एका पायावर टिकतच नव्हता. लाथेचा प्रश्नच नव्हता, प्रश्न उभं राहण्याचा होता.

त्या दिवसानंतर मी या विषयात लक्ष घालून वाचू लागले, चार जाणत्यांना विचारू लागले. आपल्याकडे आता जवळजवळ प्रत्येक शाळेत कराटे, तायक्वांदो, ज्युदो येऊन पोहोचलं आहे. आपल्या मुलीही शिकताहेत, फार चांगली गोष्ट. पण काळा पट्टा म्हणजे विद्या पूर्ण झाली, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. पट्ट्यांची ही पद्धत जपानची. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही संस्था काढली आणि दुसऱ्याच वर्षी आपल्या दोन शिष्यांना पहिला डॅन दिला. या पहिल्या डॅनला जपानीत 'शोदान' म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. सुरुवातीची! आपण मात्र त्या दिवशी पेढे वाटतो आणि फलक लावतो. (आम्हीही लावला होता.)

तायक्वांदोत तर हिशेब आणखी स्पष्ट आहे. कोरियातली कुक्कीवॉन ही त्यांची मुख्य संस्था. तिच्या नियमांत पहिल्या डॅनवरून दुसऱ्यावर जायला किमान एक वर्ष, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर दोन वर्षं आणि तिसऱ्यावरून चौथ्यावर तीन वर्षं लागतात. तिच्याकडून आंतरराष्ट्रीय प्रशिक्षकाचा परवाना हवा तर किमान चौथा डॅन लागतो. म्हणजे पहिला काळा पट्टा आणि हा परवाना यांच्यामध्ये कमीत कमी सहा वर्षं उभी आहेत. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तर तिथं डॅन देतच नाहीत, त्यांच्यासाठी 'पूम' नावाची वेगळी श्रेणी आहे. बारा वर्षांच्या मुलाच्या कमरेला काळा पट्टा बघून भारावून जाण्याआधी एवढं ठाऊक असावं.

याचा अर्थ सहा वर्षं कुणी कुणाला काही दाखवूच नये, असा नाही. आपल्या तालमींत काय चालतं ते बघा. कोल्हापूरच्या तालमीत शिकवणाऱ्याला वस्ताद म्हणतात. शब्द आपलाच, फारसीतल्या उस्तादचा मराठी अवतार. पण हौद्यातल्या प्रत्येक पोराला वस्ताद स्वतः खेळवत नाही. थोरला पहिलवान धाकट्याला खेळवतो, आपलं बळ आवरून, त्याला डाव लावू देऊन. हौदा उकरण्यापासून थोरल्याची मालिश करण्यापर्यंत सगळं धाकट्याच्या वाट्याला येतं. वस्ताद कडेला बसून दोघांनाही बघत असतो. शिकवणं असं त्याच्या नजरेखाली सुरू होतं. उत्तरेकडच्या आखाड्यांत उस्तादाच्या मागे आखाडा सांभाळणाऱ्याला खलिफा म्हणत. हा शब्द ऐकून आपल्यातल्या कुणाला तसव्वुफची आठवण झाली तर नवल नाही. मुर्शिदानं खिलाफत दिल्याशिवाय मुरीद दुसऱ्याला हात देत नाही, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे इल्मच्या बाबतीत इजाजतचा रिवाज शतकानुशतकं चालत आलाय. हदीस शिकलेला माणूस ती पुढे शिकवायला लागतो तेव्हा 'मी अमक्याकडून शिकलो, त्यांनी अमक्याकडून' अशी सनद सांगतो. इमाम मालिक यांच्याबद्दल सांगतात की सत्तर जाणकारांनी 'तुम्ही यायोग्य आहात' अशी साक्ष देईपर्यंत त्यांनी फतवा दिला नाही. लाथाबुक्क्यांच्या विद्येला एवढी मोठी तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. मला ती योग्य वाटते. फतवा चुकला तर माणूस भरकटतो, इथं हात चुकला तर पोराचं हाड मोडतं. दोन्हीकडे समोरच्यानं आपल्यावर विश्वास टाकलेला असतो.

मराठी मुलखाशी जोडलेलं या बाबतीतलं सर्वांत सुंदर उदाहरण बडोद्याचं आहे. तिथं जुम्मादादा नावाचे एक मुसलमान वस्ताद होते. त्यांचे शिष्य माणिकराव, पुढे राजरत्न माणिकराव म्हणून प्रसिद्ध झाले. गुरूनंतर आखाडा माणिकरावांनी चालवला, वाढवला, आणि नाव दिलं गुरूचं: जुम्मादादा व्यायाममंदिर. तिथं १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गुणे नावाचा एक तरुण माणिकरावांकडे शिकला. हेच पुढचे स्वामी कुवलयानंद, ज्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. जुम्मादादांकडून माणिकराव, माणिकरावांकडून कुवलयानंद. सनद म्हणावी ती हीच. यातला कुणी 'मला येतं' एवढ्यावर शिकवायला उभा राहिला नव्हता, आणि मोठं झाल्यावर उस्तादाचं नाव कुणी पुसलंही नाही. आज गल्लीगल्लीत 'फाउंडर', 'ग्रँडमास्टर' अशा पाट्या दिसतात. कुणाकडे शिकलात, असं विचारलं की माणसं विषय बदलतात. असा विषय बदलणारा भेटला तर आपलं मूल घेऊन परत यावं.

सरांनी लेकीला मग एक वर्ष मदतनीस म्हणून ठेवलं. आठवड्यातले दोन दिवस, पांढऱ्या पट्ट्याच्या मुलांसोबत. पैसे नाहीत. पहिले दोन महिने तिला फक्त मोजणी द्यायची, ढाल धरायची, कुणी रडलं तर बाजूला बसवायचं. मग सुरुवातीचा व्यायाम घ्यायला दिला. पडायचं कसं, हे शिकवायला तर सहा महिन्यांनी दिलं. दरम्यान ती एका वहीत लिहू लागली: कोणाला दमा आहे, कोणाचा खांदा आधी निखळलाय, कोण घाबरतं, कोण घाबरत नाही म्हणून जास्त सांभाळावं लागतं. ही वही बघितल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की आता हिला जमेल. पदकं बघून तसं वाटलं नव्हतं.

एक प्रसंग तिनं घरी येऊन सांगितला. वर्गात एक मुलगा सारखा दुसऱ्याच्या तोंडावर मारायचा, तेही हसत हसत. लेक चिडली, म्हणाली, "वाटलं, एक ठेवून द्यावी." दिली नाही. त्याला रांगेबाहेर उभं केलं आणि नंतर समजावलं. लढताना तोंडावर मारू नका, ही पैगंबर साहेबांची (स.) शिकवण घराघरांत ठाऊक आहे, कुस्तीत दुसऱ्याला पाडणारा बलवान नव्हे, रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा बलवान, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. पण ऐकणं वेगळं आणि वीस पोरांसमोर हात खाली ठेवणं वेगळं. यावरून मला मोहम्मद रशवान आठवतो. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ज्युदोच्या अंतिम लढतीत या इजिप्शियन खेळाडूसमोर जपानचा यामाशिता होता, उजवा पाय दुखावलेला. त्या पायावर आपण मुद्दाम हल्ला केला नाही, असं रशवाननं सांगितलं. तो हरला, रौप्यपदक मिळालं, आणि खिलाडूवृत्तीचा आंतरराष्ट्रीय सन्मानही. त्याला तसं वागायला लहानपणी कुणीतरी शिकवलंच असेल.

मुलांना शिकवायचं म्हणजे आणखी काही गोष्टी येतात, ज्या काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत कुणी विचारत नाही. वाढत्या वयाच्या मुलाचे पाय दाबून, ताणून जबरदस्तीनं फाकवू नयेत. डोक्याला मार लागून गरगरलं किंवा उलटी झाली तर खेळ तिथंच थांबवून डॉक्टर गाठावा. हाड मोडल्यासारखं वाटलं तर ओढून बसवायला जाऊ नये. हात आहे तसा आधार देऊन दवाखान्यात न्यावं. उन्हात पाणी पिऊ न देणं म्हणजे शिस्त नव्हे. लेकीनं यासाठी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं, सरांनीच आग्रह धरला. पुढे पूर्ण वेळ याच वाटेनं जायचं असेल तर पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग अशा खेळांचा प्रशिक्षक-पदविका अभ्यासक्रम आहे, सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. आपली मुलं तिकडे फार कमी जातात.

आणि एक नाजूक गोष्ट, जी आपण घरात बोलायला कचरतो. शिकवणाऱ्याला मुलांच्या अंगाला हात लावून चूक सुधारावी लागते. म्हणून वर्ग उघड्यावर असावा, आयांना बसून बघता यावं, आणि 'आत येऊ नका' म्हणणाऱ्याला लगेच कारण विचारावं. मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा विश्वासाच्या जागेवर असलेल्या माणसाला जास्त कडक शिक्षा सांगतो. शिक्षक त्यातच येतो. लेकीला सरांनी हेही बजावलं की हात लावण्याआधी विचारायचं, मूल सात वर्षांचं असलं तरी.

वाकून सलाम करण्याचा प्रश्नही आमच्या मोहल्ल्यात निघाला. काही आयांना ते खटकत होतं. लेकीनं सरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "आदर दिसला म्हणजे झालं, छातीवर हात ठेवा." तेव्हापासून आमच्या पोरी छातीवर हात ठेवतात. विचारलं तर वाट निघते, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. मनात धरून ठेवलं असतं तर चार पोरी घरी बसल्या असत्या.

वर्ष संपल्यावर सर एका रविवारी भाट्याला आले. सुरूखाली चटई टाकून आयांसोबत अंतर राखून बसले आणि लेकीचा सव्वा तासाचा वर्ग बघितला. तिनं सुरुवातीचे वीस मिनिटं पोरींना फक्त वाळूत पडायला लावलं. मागे, बाजूला, पुन्हा मागे. पोरी हसून हसून बेजार. जोड्या लावताना तिनं आधी उंची बघितली, मग वहीत डोकावली. शेवटी एका पोरीची लाथ चुकत होती तेव्हा तिनं स्वतः मारून दाखवली नाही, त्या पोरीला माझा खांदा धरून एका पायावर उभं राहायला सांगितलं. सर उठले, वाळू झटकली आणि म्हणाले, "ढाली कमी पडताहेत. पुढच्या वेळी माझ्याकडच्या दोन घेऊन जा."

आता दर रविवारी ओहोटीची वेळ बघून वर्ग भरतो. भरतीला किनारा अरुंद होतो, मग अंगणात. चौदा पोरी आहेत. मनगट मोडलेली ती पोर आठ महिन्यांनी आपणहून परत आली, तिची अम्मी हात धरून. अजून ती समोरासमोर उभी राहायला घाबरते, आणि लेक तिला घाई करत नाही. सध्या ती रांगेच्या टोकाला उभी राहून मोजणी देते, एक ते वीस, कोरियन भाषेत, खणखणीत आवाजात.