पत्त्याशेजारचं कुलूप आणि कीबोर्डची वायर

बँकेची साइट उघडली, पत्त्याशेजारी कुलपाचं चिन्ह दिसलं, की आपण निर्धास्त होतो. हाच सर्वांत महागात पडणारा गैरसमज. ब्राउझरपासून साइटपर्यंतच्या वाटेत तुमचा मजकूर कुणाला वाचता येणार नाही, एवढीच त्या कुलपाची हमी. कीलॉगर, म्हणजे तुम्ही दाबलेली प्रत्येक कळ चोरून टिपणारा प्रोग्राम किंवा उपकरण, वाटेत बसतच नाही. तुम्ही अक्षर दाबलं की त्याच क्षणी ते त्याच्याकडे टिपलं जातं. कुलूप लागतं ते त्यानंतर.

'मग स्क्रीनवरच्या कीबोर्डवर माउसने पासवर्ड टाकू', असं पुष्कळ जण म्हणतात. साधा कीलॉगर त्याने चकतो, हे खरं. पण 2007 मध्ये उजेडात आलेला झ्यूस नावाचा घातक प्रोग्राम माउसच्या क्लिकबरोबर स्क्रीनचा फोटो काढायचा आणि भरलेला फॉर्म ब्राउझरमधूनच उचलायचा. त्याच्यापुढे ही युक्ती चालत नव्हती.

अँटिव्हायरस हवाच, पण तो फक्त सॉफ्टवेअर तपासतो. वायरमध्ये बसवलेला कीलॉगर त्याला सहसा दिसत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर बसलात, तर सीपीयूच्या मागे हात घाला आणि कीबोर्डची वायर बोटाने चाचपत टोकापर्यंत जा. टोक थेट सॉकेटमध्ये शिरायला हवं. मध्ये बोटाच्या पेराएवढा प्लास्टिकचा तुकडा लागला, तर तो साधा कन्व्हर्टरही असेल. तरी तिथे पासवर्ड टाकू नका. खरं तर वायर सरळ असली तरी टाकू नका, कारण असा तुकडा कीबोर्डच्या पोटातही मावतो. मॉस्को आणि लेनिनग्राडमधल्या अमेरिकी वकिलातींत 1984 मध्ये असे 16 टाइपरायटर सापडले होते. अक्षरं टिपणारं यंत्र धातूच्या पट्टीत लपवलेलं होतं आणि बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

'जाणकारांना असलं काही होत नाही' हेही खरं नाही. पासवर्ड सांभाळणं हाच जिचा धंदा, त्या लास्टपास कंपनीच्या एका इंजिनिअरच्या घरच्या संगणकात 2022 मध्ये कीलॉगर शिरला आणि त्याचा मुख्य पासवर्ड गेला. वाट मिळाली ती अपडेट न केलेल्या एका मीडिया सॉफ्टवेअरमधून. म्हणून अपडेटची सूचना 'नंतर बघू' म्हणून ढकलू नका. रोजच्या कामाला अॅडमिनचं खातं वापरू नका. साधं खातं पुरतं. आणि फुकटातलं क्रॅक सॉफ्टवेअर 'आधी अँटिव्हायरस बंद करा' असं सांगत असेल, तर तिथेच थांबा. घरातल्या मुलांना हे एकदा शेजारी बसवून दाखवा, नुसतं बजावू नका.

ओटीपीमुळे चोरलेला पासवर्ड एकटा निरुपयोगी ठरतो, म्हणून ओटीपी सगळीकडे चालू ठेवा. मात्र संगणकच चोराच्या ताब्यात असेल, तर तुम्ही टाइप केलेला ओटीपीही त्याला मिळतो.

शंका आली की बहुतेक जण घाईघाईने त्याच संगणकावर पासवर्ड बदलतात, म्हणजे नवा पासवर्डही चोराच्या हाती देतात. आधी नेट तोडा. मग दुसऱ्या, खात्रीच्या फोनवरून ईमेलचा आणि नंतर बँकेचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन लावा.