एका सहलीत दोन हंगाम

आमच्या आजऱ्याहून सावंतवाडीचा रस्ता आंबोलीवरून उतरतो, तेव्हा एकाच एस.टी. प्रवासात डोंगर आणि समुद्र दोन्ही साधतात. अडचण आहे ती हंगामाची. आंबोलीचे धबधबे पावसाळ्यात भरात असतात. नेमक्या त्याच महिन्यांत समुद्र खवळलेला, म्हणून मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या बंद. मे महिन्यात होड्या चालतात, पण धबधबे आटलेले! वडिलांची तीन दिवसांची मजुरी बुडणार, म्हणजे दोन सहली परवडत नाहीत. मी दिवाळीनंतरचे दिवस सुचवले. धबधब्याची धार बारीक दिसेल, हे खरे. पण सत्तरी गाठलेल्या आजीने अजून समुद्र पाहिलेला नाही. शिवाजी महाराजांनी १६६४ साली बेटावर बांधायला घेतलेला तो किल्ला तिला होडीतून दाखवायचा आहे. मात्र घाटात तिला गाडी लागते. आंबोलीला उतरून चहा घ्यावाच लागेल.