दोष लेन्सचा, कपात मजुरीची

गेल्या लग्नसराईत हिंगोलीच्या एका छायाचित्रकाराची मजुरी कापली गेली. नवरीचे डोळे धूसर, कानांतले झुबे मात्र लख्ख! कॅमेरा मालकाचा, लेन्सही मालकाची. हात तेवढा मजुराचा. आम्ही गाऱ्हाणे ऐकताना आधी साधन पाहतो.

आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यात फोकस जुळविणारा संवेदक निराळा आणि चित्र टिपणारा निराळा. दोहोंचा मेळ केसभर चुकला, की फोकस पुढे वा मागे पडतो. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत चित्राच्या संवेदकावरच फोकस जुळतो, म्हणून हे दुखणे सहसा नसते.

सिग्मा या जपानी कंपनीने २०१३ साली यूएसबी डॉक विकावयास आणला. दिसतो लेन्सच्या मागल्या झाकणासारखा. त्यावर लेन्स बसवून तार संगणकाला जोडावी. लेन्समधील आज्ञावली अद्ययावत होते आणि फोकसची दुरुस्ती लेन्समध्येच साठते. झूम लेन्सला चार नाभ्यंतरे आणि प्रत्येकी चार अंतरे, म्हणजे सोळा आकडे भरावे लागतात. प्रत्येक उणे २० ते अधिक २० यांच्या दरम्यान. डॉक त्याच कंपनीच्या लेन्सना चालतो, आणि कॅननच्या बैठकीचा निकॉनला बसत नाही.

आधी कॅमेरा तिकाटण्यावर ठेवून, छिद्र पूर्ण उघडून, खुणेशेजारी तिरपी ठेवलेली मोजपट्टी टिपावी. कोणता आकडा स्पष्ट येतो ते पाहावे. आज्ञावली बदलत असता तार काढू नये. आपल्याकडे वीज केव्हा जाईल नेम नाही, तेव्हा लॅपटॉप भरलेला हवा.

पट्टीचे चित्र आम्ही मालकापुढे ठेवले. अर्धी मजुरी परत मिळाली. उरलेल्या अर्ध्याची बोलणी चालू आहेत.