कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत

कॉम्प्युटरवर काम करणाऱ्याला त्यातल्या दोनच गोष्टी जवळ लागतात: डोळ्यांपुढे पडदा आणि हाताशी कीबोर्ड-माउस. उरलेला डबा पायाशी असतो तो केवळ तारा आखूड असतात म्हणून. ही सवय वाटते तितकी स्वस्त नाही. व्हिडिओ किंवा थ्री-डी चित्रे घडवणारे यंत्र 500 वॅट वीज घेत असेल, तर ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते. एक टनाचा एसी साधारण 3,500 वॅट उष्णता बाहेर काढतो. म्हणजे ऐन मे महिन्यात त्याची एक सप्तमांश ताकद त्या डब्यापायी खर्ची पडते. पंख्यांची घरघर वेगळीच. ध्वनिमुद्रण करणाऱ्या स्टुडिओंनी यावर तोड काढली ती अशी, की यंत्रे स्वतंत्र मशीन रूममध्ये ठेवायची आणि माइकच्या खोलीत फक्त पडदा आणि कीबोर्ड. ही सोय स्टुडिओंपुरती राहण्याचे आता काही कारण उरलेले नाही, असे माझे म्हणणे आहे. घरात, आर्किटेक्टच्या ऑफिसात, दवाखान्यात ती करता येते. मात्र पडद्याची तार लांबवणे आणि कीबोर्डची तार लांबवणे ही एका जातीची कामे नाहीत, हे आधी पक्के समजून घ्यायला हवे. पैसे वाया जातात ते बहुधा इथेच.

पडद्याची अडचण आहे ती माहितीच्या लोंढ्याची. फुल एचडी चित्रात 20,73,600 ठिपके असतात. प्रत्येकाला 24 बिट, आणि असे चित्र सेकंदाला 60 वेळा. हा हिशेब 3 अब्ज बिटांच्या घरात जातो, आणि एचडीएमआयची जास्तीची बांधणी धरली तर तारेतून सेकंदाला सुमारे 4.45 अब्ज बिट धावतात. फोर-के चित्राला हाच आकडा 17.8 अब्जांवर जातो. सिग्नलची कंपने जितकी जलद, तितका तो तांब्याच्या तारेत लवकर क्षीण होतो. म्हणून चांगल्या जाड केबलवर फुल एचडी 10-15 मीटर जाते, पण फोर-केची 5 मीटरपुढे खात्री देता येत नाही. जुन्या व्हीजीए तारेवर अंतर वाढले की अक्षरे हळूहळू पुसट व्हायची, कडांना सावल्या यायच्या. एचडीएमआय असे हळूहळू बिघडत नाही. बराच काळ चित्र निर्दोष दिसते, मग गडद भागात पांढरे कण चमकू लागतात, मग पडदा मध्येच क्षणभर काळा होतो, आणि त्यानंतर काहीच दिसत नाही. ते पांढरे कण दिसले की मॉनिटरला दोष देऊ नये. केबलची ताकद संपत आली, एवढाच त्यांचा अर्थ.

कीबोर्डकडून जाणारी माहिती याच्या तुलनेत नगण्य. एका कळीमागे मोजके बाइट. तरीही यूएसबी 2.0 ची तार 5 मीटरच्या आत संपते आणि मध्ये पाच हब घातले तरी एकूण 30 मीटर. असे का? यूएसबीमध्ये कीबोर्ड आपणहून बोलत नाही. कॉम्प्युटर वर्गात हजेरी घेणाऱ्या मास्तरांसारखा एकेकाला पुकारतो आणि वेळेत ‘हजर’ आले नाही तर गैरहजेरी मांडून पुढे जातो. हा वाट पाहण्याचा अवधी साधारण दीड मायक्रोसेकंदाचा. तारेत सिग्नलला मीटरमागे सुमारे 5 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे 100 मीटर जाऊन परत येण्यात एक मायक्रोसेकंद निघून जातो. शिवाय उपकरणाने विचार करून उत्तर द्यायचे असते. म्हणजे इथे आडवी येते ती वेळ, सिग्नलचा अशक्तपणा नव्हे. तार कितीही जाड घेतली, सोन्याचा मुलामा दिलेले प्लग लावले, तरी उत्तर उशिराच पोचणार. चांगले एक्स्टेंडर, म्हणजे तार लांबवण्यासाठी तिच्या दोन टोकांना लावायच्या पेट्या, यावर सुरेख युक्ती करतात. कॉम्प्युटरच्या बाजूची पेटी वेळेच्या आत स्वतःच ‘अजून तयार नाही’ असे उत्तर देऊन टाकते, तेवढ्यात पलीकडच्या पेटीकडून खरे उत्तर मागवून ठेवते आणि पुढच्या पुकाऱ्याला ते हवाली करते. कॉम्प्युटरला अंतराचा पत्ताही लागत नाही.

या दोन्ही अडचणी एका तारेवर सोडवणारी पद्धत 2010 साली आली. एलजी, सॅमसंग, सोनी पिक्चर्स आणि इस्रायलची व्हॅलेन्स यांनी मिळून मांडलेले ते एचडीबेसटी मानक. नेटवर्कला वापरतो तीच कॅट-6 तार, तिच्यावर 100 मीटरपर्यंत चित्र, आवाज आणि पलीकडच्या पेटीला लागणारी वीज, 2.0 आवृत्तीपासून यूएसबीसुद्धा. फोर-के पूर्ण दर्जाने हवे असेल तर 3.0 आवृत्ती घ्यावी लागते. तार नेटवर्कची असली तरी तिच्यातले बोलणे नेटवर्कचे नाही, म्हणून ती राउटरमध्ये खोचून चालत नाही. पेटीपासून पेटीपर्यंत सलग न्यावी लागते.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की अंतर वाढले की हात आणि पडदा यांचा मेळ जाईल. आकडे वेगळेच सांगतात. 100 मीटर जायला सिग्नलला अर्धा मायक्रोसेकंद लागतो आणि पडद्यावरचे एक चित्र 16.7 मिलिसेकंद टिकते, म्हणजे तीस हजारांहून अधिक पट. जाणवणारा उशीर होतो तो चित्र दाबून (कॉम्प्रेस करून) पाठवणाऱ्या पेट्यांत, आणि एक्स्टेंडर म्हणून त्याही विकल्या जातात. घेताना एवढे विचारायलाच हवे. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: रिमोट डेस्कटॉप फुकट असताना पेट्या कशाला? पत्रव्यवहार आणि हिशेबाला तो पुरतो, हे मान्यच. पण रंग जोखणाऱ्याला, क्ष-किरण चित्र वाचणाऱ्याला दाबलेले चित्र चालत नाही, आणि विंडोज सुरूच झाले नाही तर बायोसचा पडदा त्यात दिसत नाही. तारेवरचा कीबोर्ड तिथेही चालतो. वायरलेस कीबोर्ड एखादी विटांची भिंत ओलांडेल, पण चित्राचा प्रश्न उरतोच. हे सगळे नव्या चैनीचे खूळ आहे, असेही कुणी म्हणेल. पण 11 सप्टेंबर 1940 रोजी गणितज्ञ जॉर्ज स्टिबिट्झ यांनी डार्टमथ कॉलेजातल्या टेलिटाइपवरून न्यू यॉर्कमधल्या गणकयंत्राला गणिते घातली आणि उत्तरे तिथेच बसून घेतली. माणूस एकीकडे आणि यंत्र दुसरीकडे ही मांडणी पर्सनल कॉम्प्युटरहून कितीतरी जुनी आहे.

कामाचा कस लागतो तो भिंतीत. एचडीएमआयचा साचेबंद प्लग वायरिंगच्या 20 मिलिमीटर पाइपातून ओढता येत नाही; कॅट-6 मात्र मोकळ्या टोकाने ओढून मग प्लग क्रिम्प करता येतो. म्हणून घराचे कन्सील वायरिंग चालू असतानाच 25 मिलिमीटरचा एक जादा पाइप टाकून त्यात ओढदोरी सोडून ठेवावी, आणि तो विजेच्या तारांपासून दूर न्यावा. तार घेताना पूर्ण तांब्याची मागावी. तांब्याचा नुसता मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते, पण ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो आणि वीजही तीच तार वाहणार असते. दोन इमारतींमध्ये तार न्यायची तर तांबे नकोच. वीज पडली की ते दोन्हीकडची यंत्रे घेऊन जाते; त्याऐवजी काचतंतू (ऑप्टिकल फायबर) न्यावा, त्यात वीज वाहतच नाही. एमआरआयच्या खोलीला धातूचे कवच असते, त्यातून आत शिरलेली साधी तार बाहेरचा रेडिओ-गोंगाट आत आणते. तिथेही धातूच्या नळीतून काचतंतूच नेतात. राहता राहिला पेनड्राइव्ह. पुष्कळ स्वस्त एक्स्टेंडर फक्त कीबोर्ड आणि माउस ओळखतात. पेनड्राइव्ह लावायचा असेल तर यूएसबी 2.0 पूर्ण वेगाने जाते का, हे पैसे देण्याआधी दुकानात लावून पाहावे.