अँटीबॉडी व्हायरसला वाचत नाही, चाचपते

फोनमधलं अँटीव्हायरस ॲप फाइलमध्ये कोडचा ओळखीचा तुकडा शोधतं. तो सापडला की अलर्ट. शरीरातली अँटीबॉडीही असंच काहीतरी करत असेल, असं वाटणं साहजिक आहे; आम्हा कोड लिहिणाऱ्यांना तर हमखास वाटतं. पण अँटीबॉडीला अक्षरं वाचता येत नाहीत. तिला फक्त आकार कळतो, आणि काय कुठे चिकटतंय ते.

अँटीबॉडी दिसते इंग्रजी ‘वाय’सारखी. दोन जड साखळ्या, दोन हलक्या. प्रत्येक हाताच्या टोकाला सहा लूप, म्हणजे प्रोटीनचे छोटे वळसे: तीन जड साखळीचे, तीन हलकीचे. पकडण्याचं काम मुख्यतः यांचंच. जड साखळीचा तिसरा लूप, एच-३, सगळ्यात जास्त बदलता. कारण त्याचा कोड जीनचे तीन तुकडे जोडून तयार होतो आणि सांध्यांवर काही अक्षरं चक्क रँडम घातली जातात, काही उडवली जातात. (असा कोड आमच्याकडे रिव्ह्यूमध्ये पास होणार नाही.) अँटीबॉडीतली ही विविधता जीनमधून कशी येते, हे उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं.

आता खरी केस बघू. फ्लूच्या व्हायरसवर हेमॅग्लुटिनिन नावाचं प्रोटीन असतं. त्यातल्या नऊ अमिनो आम्लांची ओळ अशी: वाय-डी-व्ही-पी-डी-वाय-ए-एस-एल. अशा छोट्या तुकड्याला पेप्टाइड म्हणतात. १७/९ नावाची एक अँटीबॉडी हा तुकडा पकडते. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत इयन विल्सन यांच्या गटाने क्ष-किरणांच्या मदतीने तिची रचना दोनदा तपासली, एकदा हात रिकामा असताना आणि एकदा पेप्टाइड धरलेलं असताना. १९९२ साली निकाल छापून आला. पेप्टाइड सरळ दोरीसारखं नव्हतं, त्याने एक घट्ट वळण घेतलं होतं. आणि एच-३ लूप चांगलाच सरकला होता! ओळीतलं सहावं अक्षर, म्हणजे दुसरा वाय, ज्या खळग्यात बसतं तो खळगा लूप सरकल्यामुळेच तयार झाला होता.

म्हणजे शाळेत शिकलेलं कुलूप-किल्लीचं उदाहरण इथे अपुरं पडतं. किल्ली आत जाताना कुलूपही थोडं बदलतं. हातमोजा म्हणा हवं तर. याच भागातला नऊ अक्षरांचा तुकडा आज जगभरच्या लॅबमध्ये टॅग म्हणून वापरतात: आपल्या प्रोटीनला तो जोडायचा आणि अँटीबॉडीने ते प्रोटीन शोधायचं.

पण अक्षरं तीच आणि आकार वेगळा असेल तर? मग गडबड, आणि ती जिवावर बेतू शकते. आरएसव्ही हा लहान बाळांच्या फुप्फुसांना त्रास देणारा व्हायरस. १९६० च्या दशकात अमेरिकेत फॉर्मॅलिनने निष्क्रिय केलेल्या आरएसव्हीची लस बाळांना देऊन पाहिली. पुढे खरा संसर्ग झाल्यावर लस घेतलेली बरीच मुलं जास्त आजारी पडली, दोन दगावली. एक मोठं कारण नंतर लक्षात आलं. या व्हायरसचं एफ प्रोटीन पेशीत शिरण्याआधी एका आकारात असतं आणि शिरताना स्प्रिंगसारखं सुटून दुसरा आकार घेतं. लसीत बहुतेक हा सुटलेला आकारच होता. अँटीबॉडी तयार झाल्या, चिकटल्याही, पण व्हायरसला थांबवणाऱ्या फारच कमी.

२०१३ मध्ये जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी सुटण्याआधीच्या आकाराची रचना शोधली आणि काही अमिनो आम्लं बदलून तो आकार लॉक केला. त्याच कल्पनेवर बनलेल्या आरएसव्ही लसींना २०२३ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. कोविडच्या वेळी फायझर आणि मॉडर्नाच्या लसींमध्येही स्पाइक प्रोटीन असंच लॉक केलं होतं, फक्त दोन अमिनो आम्लं बदलून. हजाराहून जास्त अक्षरांच्या प्रोटीनमध्ये दोन अक्षरांचा पॅच!