रचनाकार संघ सोडतो तेव्हा

फॉर्म्युला वन मोटार शर्यतींच्या बातम्यांत नाव झळकते ते चालकाचे. परंतु १ मे २०२४ रोजी रेड बुल संघाने एक घोषणा केली आणि पुढले चार महिने क्रीडापत्रकार ज्यांच्या मागे लागले, त्यांचे काम मोटार चालवण्याचे नव्हते. तेव्हा पासष्ट वर्षांचे असलेले, आजही ड्रॉइंग बोर्डावर पेन्सिलीने रेखाटणारे हे इंग्रज रचनाकार म्हणजे एड्रियन न्यूई. ते संघ सोडणार एवढे कळले. कोठे जाणार ते कळले नाही. मग वावड्यांना काय तोटा! कोणी फेरारी म्हणाले, कोणी ॲस्टन मार्टिन, कोणी विल्यम्स.

प्रत्येक संघात शेकडो तंत्रज्ञ असताना एका माणसाचे एवढे काय, असे मलाही वाटले होते.

उत्तर हवेत आहे. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच उलटा बसवला की मोटार जमिनीवर दाबली जाते, चाकांची पकड वाढते आणि वळणावर वेग राखता येतो. मात्र पंख मोठा केला की हवेचा अडथळाही वाढतो व सरळ रस्त्यावर मोटार मंदावते. मोटारीच्या पोटाखालची हवा वेगाने काढली, तर तेथे दाब कमी होऊन मोटार खाली ओढली जाते आणि अडथळा त्या मानाने थोडाच वाढतो. न्यूई यांनी साउथॅम्प्टन विद्यापीठातून १९८० मध्ये विमानविद्येची पदवी घेतली, तेव्हाचा त्यांचा प्रबंध याच विषयावर होता. २०२२ च्या नियमांनी हे तत्त्व पुन्हा मोकळे केले आणि २०२३ मध्ये रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या.

नियम बदलले की सर्वांची पाटी कोरी होते. खरा रचनाकार ओळखावा तो अशा वेळी. न्यूई १९९७ मध्ये विल्यम्सकडून मॅक्लारेनकडे आले. १९९८ साठी मोटारीची रुंदी २ मीटरवरून १.८ मीटर झाली, टायरवर खाचा आल्या. आणि मेलबर्नच्या पहिल्याच शर्यतीत मॅक्लारेनच्या दोन मोटारींनी बाकी सर्वांना निदान एक फेरी मागे टाकले. २००९ च्या बदलानंतरही तेच. आपल्याकडे ग्रेटर नोएडाला २०११ ते २०१३ मध्ये झालेल्या तिन्ही शर्यती त्यांच्या रेड बुल मोटारींनी जिंकल्या.

मग असा माणूस जाताना बरोबर काय नेतो? कागद नेता येत नाहीत. फेरारीची ७८० पाने मॅक्लारेनच्या माणसाकडे सापडली, तेव्हा २००७ मध्ये मॅक्लारेनला १० कोटी डॉलर दंड झाला. पण डोक्यातले कोण जप्त करणार? गॅरेजमधला जाणता मिस्त्री दुसरीकडे गेला, की पाने-पक्कड तेथेच राहतात. इंजिनाच्या आवाजावरून दोष ओळखणारा कान मात्र त्याच्याबरोबर जातो. म्हणून संघ करारात मुदत घालतात: काही महिने घरी बसा, पगार घ्या, तोवर तुमची माहिती शिळी होऊ द्या. इंग्रजीत हिला गमतीने ‘बागकामाची रजा’ म्हणतात.

पैशाचीही एक वाट आहे. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली, पण चालकांचा आणि सर्वांत जास्त पगाराच्या तिघांचा पगार तीत धरत नाहीत. म्हणजे रचनाकाराला कितीही मोजा, मोटारीच्या पैशाला हात लागत नाही.

तरीही वावड्यांवर किती विसंबावे? २००१ मध्ये जॅग्वार संघाने न्यूई आपल्याकडे येत असल्याचे जाहीरदेखील केले होते. मॅक्लारेनने त्यांचे मन वळवले आणि ते जागचे हललेच नाहीत! या वेळी मात्र ॲस्टन मार्टिनचे नाव घेण्यास आधार होता. सिल्व्हरस्टोनला नवा कारखाना, नवा वायुबोगदा, २०२६ पासून होंडाचे इंजिन आणि त्याच वर्षी पुन्हा नवे नियम. १० सप्टेंबर २०२४ रोजी तसेच जाहीर झाले, तेही भागीदारीसह. मार्च २०२५ मध्ये ते रुजू झाले.

या गडबडीत एक गोष्ट फारशी कोणी बोलले नाही. रेड बुलमध्ये २००६ पासून असलेले रॉब मार्शल २०२४ च्या आरंभीच मॅक्लारेनकडे गेले होते. त्यांच्याविषयी चार महिने वावड्या उठल्या नाहीत. त्या वर्षीचे सांघिक विजेतेपद मॅक्लारेनने जिंकले, १९९८ नंतर प्रथमच.